कळा येणे, कळा आणणे, कळा देणे : प्रसूतीच्या भाषेतील कर्तेपणाचा प्रश्न

१

मराठी समीक्षेत साहित्यनिर्मितीविषयी बोलताना प्रसूतीचे रूपक इतके रुळून गेले आहे की ते रूपक आहे याचेही भान आपल्याला सहसा राहत नाही. कवीला 'निर्मितीच्या वेणा' येतात, कादंबरी 'जन्माला येते', एखादी कल्पना लेखकाच्या मनात दीर्घकाळ 'गर्भावस्थेत' असते. या भाषेमागे तीन गृहीतके आहेत. पहिले असे की कळा आपोआप येतात. त्या आणता येत नाहीत. दुसरे, त्यांची वेळ आतूनच पिकते. तिसरे, ज्याने वेदना सोसली तोच निर्मितीचा निर्विवाद कर्ता ठरतो; कवितेखाली कवीचेच नाव येते.

रुग्णालयातील प्रेरित प्रसूती, म्हणजे औषधे देऊन बाहेरून सुरू केलेली प्रसूती, या तिन्ही गृहीतकांना छेद देते. येथे कळा आणल्या जातात. वेळ दिनदर्शिकेवरून ठरते. आणि 'प्रसूती कोणी केली?' या प्रश्नाला उत्तर म्हणून डॉक्टरांचे नाव सांगितले जाते. ज्या घटनेवरून आपण निर्मितीची कल्पना उसनी घेतली, ती घटनाच अशी बदलली असेल, तर रूपकाचे काय होते हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा. मात्र त्याआधीचा आणि अधिक निकडीचा प्रश्न नैतिक आहे. आणलेल्या कळांनी झालेले बाळंतपण हे त्या स्त्रीचे कृत्य असते, की तिच्यावर घडलेली क्रिया?

या संदर्भात प्लेटोच्या 'थीएटिटस' या संवादाकडे वळणे उपयुक्त ठरेल. आपली आई फेनारेटी ही सुईण होती आणि आपणही तोच व्यवसाय करतो, फक्त स्त्रियांच्या देहांऐवजी पुरुषांच्या मनांवर करतो, असे सॉक्रेटिस तरुण थीएटिटसला सांगतो. हे रूपक सर्वपरिचित आहे. त्यातील एक तपशील मात्र सहसा नजरेआड राहतो. सुइणी औषधांनी आणि मंत्रांनी कळा सुरू करू शकतात, तसेच त्या सौम्यही करू शकतात, असे सॉक्रेटिस तेथे म्हणतो. आणि पुढे आपल्या कलेलाही हेच साधते, असा दावा करतो. म्हणजे ज्ञाननिर्मितीच्या या मूळ रूपकातच प्रेरित प्रसूती अंतर्भूत आहे. सॉक्रेटिस कळांची वाट पाहत बसत नाही. तो त्या आणतो. त्याचे साधन प्रश्न हे आहे. या तपशिलाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

२

प्रथम मराठी भाषेचा विचार करू. बाळंतपणाविषयी बोलताना मराठीत 'कळ' या नामाबरोबर तीन क्रियापदे येतात आणि प्रत्येक वेळी स्त्रीचे वाक्यातील स्थान बदलते. 'तिला कळा येतात' या वाक्यात स्त्री चतुर्थीत आहे. कळा हा व्याकरणिक कर्ता आहे, स्त्री ही अनुभव घेणारी आहे. 'डॉक्टरांनी तिला कळा आणल्या' येथेही ती चतुर्थीतच राहते, पण आता एक दुसरा कर्ता वाक्यात शिरलेला असतो. 'तिने कळा दिल्या' या तिसऱ्या वाक्यात मात्र स्त्री तृतीयेत, कर्त्याच्या स्थानी येते. जे तिच्याकडे आले होते तेच ती आता देते. सोसणे आणि करणे यांतील हे स्थित्यंतर मराठीने एकाच नामाभोवती नोंदवून ठेवले आहे, ही लक्षणीय गोष्ट होय. प्रसूतिगृहातील परिचारिका 'कळ दे' म्हणते तेव्हा तिला जोर लावणे अभिप्रेत असते. परंतु भाषा त्याहून अधिक सांगते.

'बाळंत होणे' या अकर्मक क्रियापदात स्त्री प्रथमेत असते : 'ती बाळंत झाली.' 'डॉक्टरांनी तिची डिलिव्हरी केली' या आता सर्वत्र ऐकू येणाऱ्या वाक्यात ती षष्ठीत गेली आहे. डिलिव्हरी तिची आहे, पण केलेली दुसऱ्याने. अर्थात जुन्या भाषेतही 'आईने लेकीचे बाळंतपण केले' असे म्हटले जाई. तेथे मात्र 'बाळंतपण' या शब्दात तेलमालीश, शेकशेगडी, आळीवाची खीर, रात्रीची जागरणे असे सगळे येत असे. जन्माच्या क्षणावर त्या वाक्याने हक्क सांगितलेला नव्हता.

संस्कृत धातुपाठातही याच प्रश्नाचे बीज सापडते. 'षूङ्' या धातूचा एक अर्थ प्राणिगर्भविमोचन असा दिला आहे, तर 'षू' या धातूचा अर्थ प्रेरणे असा आहे. मराठीतील 'सुटका झाली', 'मोकळी झाली' हे प्रयोग विमोचनाच्या अर्थाशी जुळतात. 'प्रेरित प्रसूती' या वैद्यकीय संज्ञेत दुसरा अर्थ येऊन मिळतो. मोकळे होणे आणि प्रेरित केले जाणे हे दोन अनुभव एका देहात एकाच दिवशी येतात, तेव्हा त्यांचा मेळ कसा बसतो, हा आपला विषय आहे.

काळाच्या भाषेतही असाच पालट झालेला दिसतो. 'दिवस भरणे' या प्रयोगात काळ हळूहळू पात्रात साठणारा आहे. लोकव्यवहारातील गणित नऊ महिने नऊ दिवसांचे. जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखला जाणारा, २८० दिवसांचा नियम नऊ महिने आणि सात दिवस सांगतो. दोन्ही हिशेब जवळजवळ एकच आहेत. फरक आहे तो हिशेबाच्या उपयोगात. पहिला अंदाज होता. दुसऱ्यातून 'तारीख' निघते, आणि आज गरोदर स्त्री 'डॉक्टरांनी तारीख दिली आहे' असे म्हणते तेव्हा तिच्या बोलण्याला कोर्टकचेरीच्या भाषेची छटा येते. नेमक्या त्याच तारखेला जन्मणारी मुले थोडी असतात. पण तारीख उलटून गेली की स्त्री आपल्याला काही चुकल्यासारखे सांगू लागते, आणि तेथूनच प्रेरित प्रसूतीची पूर्वपीठिका तयार होते.

३

कळा आणण्याचे आजचे प्रमुख साधन म्हणजे ऑक्सिटोसिन. या ग्रीक संज्ञेचा अर्थच 'शीघ्र प्रसव' असा आहे. पोषग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवले. विन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीर हे संप्रेरक लाटांनी सोडते. सलाईनच्या नळीतून ते अखंड, थेंब मोजून दिले जाते. हा फरक केवळ मात्रेचा नाही. आपोआप येणाऱ्या कळांत बहुधा चढउताराची एक ओळख होत जाते. ठिबकाखालच्या अनेक स्त्रिया सांगतात की त्यांना अशी ओळख व्हायला अवधीच मिळाला नाही. दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागल्या तर बाळाचा प्राणवायू कमी होण्याचा धोका असतो, म्हणून थेंबांवर सतत लक्ष ठेवावे लागते. त्यासाठी नळीवर एक चाकासारखी कळ असते. मराठीत वेदनेलाही कळ म्हणतात आणि यंत्राच्या खटक्यालाही. या खोलीत दोन्ही अर्थ एका नळीने जोडलेले असतात.

येथे स्वतःच्या अनुभवाचा दाखला देते, तो केवळ एक संहिता म्हणून. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, तारखेनंतर पाचव्या दिवशी, मला एका शहरातील प्रसूतिगृहात दाखल करून घेण्यात आले. रात्री गर्भाशयाचे मुख मऊ करणारे जेल लावले गेले, सकाळी सात वाजता ठिबक सुरू झाले. संमतिपत्रावर सही नवऱ्याची होती. त्या दिवशी मी जी भाषा ऐकली तिची वाक्यरचना मला आजही स्पष्ट आठवते. एक प्रकार तृतीय पुरुषाचा : 'तीन नंबरला दोन बोटं उघडलंय', 'पेशंट ओरडतेय', 'थेंब वाढवा हिचे'. दुसरा प्रकार आज्ञार्थाचा : 'पाय वर घ्या', 'श्वास सोडा', 'आता कळ द्या'. दुखणे वाईट होतेच. पण माझ्याविषयी बोलले जाण्यात आणि मला हुकूम दिले जाण्यात जे अंतर पडत गेले, ते दुखण्याहून वेगळे काही होते. आपल्याच देहात काय सुरू केले आहे, ते केव्हा वाढवले जाणार आहे, हे मला बाटलीकडे पाहून ताडावे लागत होते.

दुपारी खोलीची साफसफाई पाहणाऱ्या मावशी आत आल्या. 'ताई, कुशीवर वळायचंय का?' असे त्यांनी विचारले आणि एक कळ ओसरेपर्यंत उत्तरासाठी थांबल्या. मी हो म्हटले. त्या बारा तासांत मला विचारलेला, आणि माझ्या उत्तराने ज्याचा निकाल लागला असा, तो एकच प्रश्न होता.

घरी जाताना मिळालेल्या कार्डावर लिहिले होते : पूर्ण दिवसांची, प्रेरित, नॉर्मल प्रसूती. या नोंदीत खोटे काही नव्हते. कथनमीमांसेच्या भाषेत सांगायचे तर तीत निवेदक होता, घटनाक्रम होता, वेळा होत्या; जिच्या दृष्टिकोनातून हे घडले ती व्यक्ती तेवढी नव्हती. या अभावाची सवय आपल्याला जुनी आहे. पाचवी-सहावीच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत महाराष्ट्रात आहे. रात्री सटवाई येऊन बाळाचे भविष्य लिहिते, अशी श्रद्धा. जन्मानंतरचे पहिले लेखन देवी बाळाविषयी करते किंवा रुग्णालय प्रक्रियेविषयी. बाळंतिणीसाठी कोरा कागद कोणी ठेवत नाही.

४

प्रेरित प्रसूतीच्या नैतिकतेविषयी बोलताना दोन भूमिका हटकून पुढे येतात. पहिली निसर्गवादी : कळा आपोआप याव्यात, त्या आणणे हे देहाच्या शहाणपणावर आक्रमण आहे. दुसरी परिणामवादी : बाळ आणि आई सुखरूप असतील तर बाकी प्रश्न गौण आहेत. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत, असे मला वाटते, आणि त्यांचे अपुरेपण एकाच जागी आहे.

निसर्गाचा युक्तिवाद टिकत नाही, कारण निसर्ग स्त्रीच्या बाजूने असतो याला इतिहासात आधार नाही. गरोदरपणातील वाढलेला रक्तदाब, मधुमेह, पाणमोट फुटूनही कळा न येणे, एकेचाळीस आठवडे उलटणे अशा परिस्थितीत वाट पाहत राहणे घातक ठरू शकते. एकेचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर प्रसूती सुरू करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही केली आहे. हेच ऑक्सिटोसिन जन्मानंतरचा रक्तस्राव रोखून असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवते. दुभत्या जनावरांना ते टोचले जाते, या कारणावरून केंद्र शासनाने २०१८ साली त्याच्या खासगी उत्पादनावर बंदी घातली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. औषधाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही.

परिणामांचा युक्तिवाद अधिक गंभीर आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'अराइव्ह' या चाचणीत, कोणतीही गुंतागुंत नसलेल्या पहिलटकरणींची प्रसूती एकोणचाळिसाव्या आठवड्यात औषधाने सुरू केली असता सिझेरियनचे प्रमाण १८.६ टक्के, तर वाट पाहिलेल्या गटात २२.२ टक्के आढळले. कळा आणल्या की सिझेरियन वाढते, या प्रचलित समजुतीला या निष्कर्षाने धक्का दिला. परंतु त्याच चाचणीतील दुसरा आकडा आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. पात्र ठरलेल्या २२,५३३ स्त्रियांपैकी ६,१०६ स्त्रियांनी, म्हणजे सुमारे २७ टक्क्यांनी, सहभागाला संमती दिली. कळा आणाव्यात की वाट पाहावी हा निर्णय चिठ्ठी टाकून व्हावा, हे बहुसंख्य स्त्रियांना मान्य नव्हते. त्यांनी दोन पर्यायांपैकी कोणता निवडला, हे येथे महत्त्वाचे नाही. त्यांना विचारले गेले, म्हणून त्या नकार देऊ शकल्या. संशोधनात प्रश्न विचारणे बंधनकारक असते. रोजच्या व्यवहारात तोच प्रश्न गळून पडतो.

निसर्गवादी आणि परिणामवादी या दोघांनाही हा प्रश्न दिसत नाही. एक देहाविषयी बोलतो, दुसरा निष्पत्तीविषयी. स्त्रीशी बोलणे दोघांच्याही मांडणीत नाही. प्रेरित प्रसूतीचा नैतिक निकष मी येथे मांडू इच्छिते तो असा : कळा आपोआप आल्या की आणल्या, यावर त्या प्रसूतीचे स्त्रीच्या मालकीचे असणे अवलंबून नाही, त्या तिला विचारून, तिच्या उत्तराची वाट पाहून आणल्या की नाही, यावर ते अवलंबून आहे. 'कळा आणणे' आणि 'कळा देणे' यांच्या मध्ये 'विचारणे' हे क्रियापद यावे लागते. ते आले नाही तर चतुर्थीतून तृतीयेकडे जाण्याची वाट बंद होते, आणि 'कळ दे' हे आवाहन न राहता हुकूम होतो.

यावर पहिला आक्षेप वेळेचा आहे. बाळाचे ठोके मंदावले असता चर्चा कोण करणार? हा आक्षेप तातडीच्या शस्त्रक्रियेला लागू पडेल. प्रेरित प्रसूतीला तो क्वचितच पडतो. ती बहुधा आदल्या दिवशी ठरते, सकाळी रिकाम्या पोटी बोलावून सुरू होते, आणि तासन्तास चालते. या एका हस्तक्षेपाजवळ वेळ भरपूर असतो. म्हणून येथे न विचारण्याला घाईची सबब उपलब्ध नाही. दुसरा आक्षेप असा, की वेदनेत माणूस नीट उत्तर देऊ शकत नाही. उत्तर देता येते. विचारणाऱ्याला एक कळ ओसरेपर्यंत थांबावे लागते, इतकेच. शिवाय निर्णयाचा मोठा भाग कळा सुरू होण्यापूर्वीचा आहे. एका प्रौढ, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीच्या शस्त्रक्रियेला तिच्या आईने दिलेली संमती वैध ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आणि पुरेशी माहिती देऊन घेतलेल्या संमतीचा आग्रह धरला. तरीही प्रसूतिगृहाच्या कागदावर 'नातेवाईकाची सही' ही जागा अगोदर भरली जाते. यामागे कायद्याच्या अज्ञानापेक्षा अधिक खोल असे काही आहे : बाळंतपण हा कुटुंबाचा व्यवहार आहे आणि स्त्री ही त्या व्यवहाराची जागा आहे, ही आपली धारणा.

५

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विचारले जाण्याची ही अपेक्षा शिकलेल्या, शहरी, मध्यमवर्गीय स्त्रीची चैन आहे, असे म्हटले जाईल. ज्या स्त्रीला दवाखान्याचे दारच दुरापास्त होते तिला ठिबकाच्या भाषेची चिकित्सा कशाला? बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमचं' या १९८६ साली ग्रंथरूपाने आलेल्या आत्मकथनात महारवाड्यातील बाळंतपणांचे जे चित्र आहे, ते वाचल्यावर घरच्या सुईणीविषयीचा भाबडा गहिवर टिकत नाही. कोवळ्या मुलींच्या देहांत वारंवार घातले जाणारे अडाणी हात, बाळंतिणीची उपासमार, डोळ्यांदेखत होणारे मृत्यू. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००१–०३ मध्ये ३०१ होते, ते २०१८–२० मध्ये ९७ वर आले. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ८८.६ टक्के जन्म आरोग्यसंस्थांत होऊ लागले. या आकड्यांमागे जगलेल्या स्त्रिया आहेत, आणि त्यांच्यापुढे कोणताही सैद्धांतिक युक्तिवाद नम्र झाला पाहिजे.

पण म्हणूनच हा आक्षेप उलटही वाचता येतो. बेबी कांबळे यांनी दाखवलेल्या दुःखाचा एक भाग असा आहे की त्या मुलींना कोणी काही विचारत नव्हते. म्हणजे न विचारणे हे दवाखान्याने आणलेले नाही. ते त्याला घराकडून वारशाने मिळाले आहे. हात धुतलेले आले, यंत्रे आली, मृत्यू कमी झाला. वाक्याची रचना तेवढी तशीच राहिली. आणि जी स्त्री गरीब आहे, खालच्या मानलेल्या जातीची आहे, जिला उलट बोलता येत नाही, तिच्याच वाट्याला आज्ञार्थ अधिक कठोर होऊन येतो, हे सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षाबाहेर तासभर बसलेल्या कोणालाही कळते. विचारले जाणे ही चैन असेलच, तर ती चैन कोणाच्या वाट्याला येते हाच मुळी न्यायाचा प्रश्न आहे.

सुरक्षितता आणि संवाद यांत निवड करावी लागते, ही कल्पनाही तपासून पाहावी. डब्लिनच्या राष्ट्रीय प्रसूतिरुग्णालयात कीरन ओड्रिस्कॉल यांनी १९६० च्या दशकात प्रसूतीचे जे 'सक्रिय व्यवस्थापन' रूढ केले, त्यात मंदावलेल्या कळांना ऑक्सिटोसिनची जोड देणे हा एक भाग होता, आणि प्रत्येक स्त्रीजवळ अखेरपर्यंत एक परिचारिका असणे हा दुसरा. या पद्धतीतील ठिबक जगभर पसरले. सोबत मात्र खर्चिक म्हणून बहुतेक ठिकाणी मागे राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक शिफारशींत स्त्रीने स्वतः निवडलेल्या सोबतीचा आणि आदरपूर्वक वागणुकीचा पुरस्कार केलेला आहे. सोबत असली की बाळंतपणे सुलभ होतात, हे आता वैद्यकालाही मान्य आहे.

आणखी एक अडथळा कृतज्ञतेचा आहे. 'आई आणि बाळ सुखरूप' हे वाक्य पूर्वी तारेने जाई, आज फोनवरून जाते. ते आनंदाचे आहे. पण ते कथनाचा शेवटही करून टाकते. सुखरूप असलेल्या स्त्रीने आणखी काही सांगू लागणे हे अपशकुनी किंवा कृतघ्न वाटते. परिणामी तिचा अनुभव बायकांच्या दुपारच्या गप्पांत उरतो आणि नागर साहित्यव्यवहारात क्वचित पोचतो. एमिली मार्टिन यांनी 'द वुमन इन द बॉडी' या १९८७ च्या ग्रंथात दाखवले की वैद्यकाच्या भाषेत गर्भाशय हे यंत्र, डॉक्टर हा व्यवस्थापक आणि मूल हे उत्पादन ठरते. आपल्याकडे या रूपकाला जोड मिळते ती 'सुखरूप' या सूत्राची. उत्पादन निर्दोष निघाले की कारखान्यातील दिवसाविषयी कोणी विचारत नाही.

६

आता समीक्षेच्या प्रश्नाकडे वळता येईल. निर्मितीचे आपले रूपक आपोआप येणाऱ्या कळांवर उभे होते. प्रेरित प्रसूतीचा अनुभव विचारात घेतला तर ते मोडत नाही, मात्र त्याची फेरमांडणी करावी लागते. लेखकाच्याही कळा पुष्कळदा आणलेल्या असतात : संपादकाच्या तगाद्याने, दिवाळी अंकाच्या मुदतीने, एखाद्या वाचकाच्या शंकेने. त्यामुळे कृती त्याची राहत नाही असे आपण म्हणत नाही, कारण त्याला कोणीतरी काहीतरी विचारले आणि त्याने दिलेले उत्तर म्हणजे ती कृती, असे आपण मानतो. सॉक्रेटिस बाहेरून कळा आणतो, तरीही जन्मलेला विचार थीएटिटसचाच राहतो, तो याच न्यायाने. पुरुषांच्या मनांवर काम करणाऱ्या त्या सुईणीने जो शिष्टाचार पाळला, तो स्त्रियांच्या देहांवर काम करणाऱ्या व्यवस्थेकडून अपेक्षिणे अवाजवी नाही.

हा शिष्टाचार परका आहे असेही नाही. मराठी घराने गरोदर स्त्रीला विचारण्यासाठी एक संस्थाच निर्माण केली आहे. डोहाळे पुरवणे म्हणजे तिला काय हवे ते विचारणे, तिच्या उत्तराला मान देणे, ते नाकारले तर बाळाला उणे राहील असे मानणे. या विचारण्याला मर्यादा होत्या. ते खाण्यापिण्यापुरते होते, आणि त्यामागे बहुधा वंशाच्या दिव्याची आस होती. डोहाळ्यांच्या गाण्यांत ती असते, पाळण्यात बाळ असते. मधल्या रात्रीविषयी विचारण्याची रीत मात्र आपण घडवली नाही. ती आता घडवावी लागेल : प्रसूतिगृहात डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी, घरात नातेवाइकांनी, आणि साहित्यात ज्यांनी प्रसववेदनेचे रूपक इतकी वर्षे बिनदिक्कत वापरले त्या आपण सर्वांनी. स्त्रियांची आत्मकथने वाचताना, वर्गात शिकवताना, 'बाळंतपण सुखरूप पार पडले' या ओळीपाशी क्षणभर थांबून, ते कसे पार पडले आणि त्या दिवशी तिच्याशी कोण कोणत्या भाषेत बोलले, हे संहितेला विचारता येते. अनेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही. परंतु ते का मिळत नाही, हे समजून घेणे हाही समीक्षेच्या कामाचाच भाग आहे.